तिजोरीत खडखडाट असताना नगरपरिषद आधी कोणाचं बिल काढते?

नव्याने निवडून आलेल्या एका नगरसेविकाताईंनी विचारलेला हा प्रश्न आहे. त्यांची नगरपरिषद ‘ब’ वर्गातली. अंदाजपत्रक बारा लाखांच्या शिलकीचं मंजूर झालं. प्रत्यक्षात पगार दोन महिने मागे, पाणी चार दिवसांआड, ठेकेदारांची बिलं वर्षभर पडून. आणि त्याच वेळी मुख्य चौकाचं सुशोभीकरण जोरात चालू. ताईंच्या प्रभागात खचलेल्या गटारासाठी मात्र ‘निधी नाही’. त्या विचारतात, पैसे कमी पडतात तेव्हा कोणतं काम आधी हे ठरवतं कोण, कशावरून ठरवतं, आणि माझं गटार त्यात कुठे बसतं?

ताई, मी एकतीस वर्षं नगरपरिषदांच्या लेखा विभागात काढली. चार गावं पाहिली. लिपिक म्हणून लागलो, लेखापाल म्हणून निवृत्त झालो. ‘निधी नाही’ हे उत्तर मी स्वतः शेकडो वेळा दिलं आहे. त्या दोन शब्दांच्या आत काय काय असतं, ते सांगतो.

तुम्ही प्रश्न असा मांडलाय की चौक आधी की गटार आधी. पण हे दोघं एका तागडीत कधी आलेच नसणार. नगरपरिषदेकडे पैसा एका पिशवीत येत नाही, वेगवेगळ्या पाकिटांत येतो, आणि बहुतेक पाकिटांवर बाहेरूनच नाव लिहिलेलं असतं. वैशिष्ट्यपूर्ण कामांचं अनुदान, नगरोत्थान, दलित वस्ती सुधारणा, जिल्हा नियोजन समितीचा निधी, अमृत, स्वच्छ भारत, अशी ही राज्य-केंद्राच्या योजनांची पाकिटं. यातला रुपया ज्या कामासाठी मंजूर झाला त्याच कामाला लागतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या पैशातही आपल्यासारख्या गावांना ४० टक्के रक्कमच मोकळी होती. उरलेली ६० टक्के निम्मी स्वच्छतेला आणि निम्मी पिण्याच्या पाण्याला बांधलेली. त्या मोकळ्या ४० टक्क्यांतूनही पगार आणि आस्थापना भागवायला मनाई होती. तुमचा चौक अशाच एखाद्या पाकिटातून होत असेल. तो थांबवला तर पैसा परत जाईल, गटाराकडे वळणार नाही.

मग चौकावरचा तुमचा राग चुकीचा का? अजिबात नाही. चौक दोन ठिकाणी गटाराच्या वाट्याचं खातो. बहुतेक योजनांत नगरपरिषदेला आपला हिस्सा घालावा लागतो, आणि तो स्वतःच्या मोकळ्या पैशातून जातो. शिवाय चौक झाला की त्याचे दिवे, कारंज्याचा पंप, झाडांचं पाणी, राखणदार, हा सगळा खर्च कायमचा आपल्या अंगावर येतो. त्याला कोणतंच अनुदान नसतं. म्हणून मी सभेत नव्या कामाचा विषय आला की एकच विचारायचो: हे झाल्यावर वर्षाला चालवायला किती लागेल? बहुतेक वेळा अंदाज केलेलाच नसायचा. आणि प्रस्ताव कशाचा पाठवायचा, चौकाचा की गटाराचा, हे मात्र नगरपरिषदच ठरवते. तिथे तुमचा हक्क आहे. प्रस्ताव जाताना विचारा. मंजूर होऊन आल्यावर विचारून फारसं काही हाती लागत नाही.

आता त्या बारा लाखांच्या शिलकीबद्दल. तुटीचं अंदाजपत्रक मांडायची पद्धत आपल्याकडे नाही. त्यामुळे खर्चाची बाजू सगळ्यांच्या मागण्यांनी भरली की जमेची बाजू तिच्या मापाची शिवली जाते. हे कुठे होतं ते तुम्हाला पाच मिनिटांत सापडेल. अंदाजपत्रकाच्या तक्त्यात मागच्या वर्षांचे प्रत्यक्ष आकडे असतात, त्यापुढे चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि मग पुढच्या वर्षाचा अंदाज. मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि गाळेभाडं, या तीनच ओळींवर बोट ठेवा. समजा, मालमत्ता कराची चालू मागणी (म्हणजे या वर्षीचा आकारलेला कर) चार कोटी आणि मागची थकबाकी पाच कोटी आहे. गेली तीन वर्षं प्रत्यक्ष वसुली तीन-सव्वातीन कोटींच्या आसपास आहे. पुढच्या वर्षाच्या अंदाजात मात्र आठ कोटी लिहिलेत. म्हणजे पावणेपाच कोटींची कामं अशी आहेत की त्यांना लेखाशीर्ष (हिशेबातलं खातं) आहे, तरतूद आहे, ठराव आहे, पण त्यामागे पैसा नाही. तुमचं गटारही कदाचित अंदाजपत्रकात असेल. ते या पावणेपाच कोटींत आहे.

थकबाकीचा आकडाही तपासा. त्यात बंद पडलेल्या कारखान्यांचा कर असतो, वारसांच्या भांडणात अडकलेले वाडे असतात, पाडलेल्या घरांच्या नोंदी असतात, एकाच घराची दुबार आकारणी असते, सरकारी कार्यालयांची वर्षानुवर्षांची बाकी असते. त्यावर महिन्याला दोन टक्के शास्ती (दंड) चढत जाते आणि आकडा कागदावर फुगत राहतो. मी ज्या गावात शेवटची सहा वर्षं होतो, तिथे थकबाकीची यादी घर ते घर तपासली तेव्हा मोठा भाग कधीच येणार नाही असा निघाला. त्या दिवशी सभागृहात शांतता पसरली होती, कारण त्याच आकड्यावर तीन वर्षं कामं वाटली गेली होती.

आणखी एक गोष्ट बहुतेक सदस्यांना कधी दाखवलीच जात नाही: देण्यांची यादी. बँकेत दोन कोटी दिसतात म्हणून दोन कोटी आपले नसतात. मालमत्ता कराच्या बिलातून शिक्षण कर आणि रोजगार हमी कर आपण राज्य सरकारसाठी गोळा करतो. ती दुसऱ्याची रक्कम आहे. ठेकेदारांच्या सुरक्षा ठेवी परत करायच्या असतात. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी, विम्याचे हप्ते, पतसंस्थेची कपात ज्याची त्याला भरायची असते. तंगी आली की पहिला हात याच पैशावर पडतो, कारण त्याची ओरड लगेच होत नाही. पतसंस्थेचा हप्ता कापून घेतला पण भरला नाही, आणि त्यामुळे एका सफाई कामगाराच्या मुलीच्या लग्नाचं कर्ज नाकारलं गेलं, असं माझ्यासमोर घडलंय. त्या माणसाला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नव्हतं.

आतापर्यंतचं थोडक्यात असं. जमेचा मोठा भाग बांधलेला, मोकळ्या जमेचा काही भाग कागदी, आणि हातात असलेल्या रकमेतही काही दुसऱ्याची. हे सगळं वजा केलं की जे उरतं, त्यावर खरा अग्रक्रम ठरतो. आणि तो अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्या फेब्रुवारीच्या विशेष सभेत ठरत नाही. तो दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, मुख्याधिकारी आणि लेखापाल समोरासमोर बसून त्या महिन्यात कोणते धनादेश निघणार हे ठरवतात, तेव्हा ठरतो. सभागृहाने मंजूर केलेली शंभर कामं आणि त्या दिवशी निघालेली सात बिलं, यातली सात बिलं म्हणजे तुमच्या गावाचं खरं अंदाजपत्रक.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ४९ मध्ये नगरपरिषदेची कर्तव्यं दोन गटांत आहेत: करावीच लागतील अशी, आणि करता येतील अशी. पाणी, सफाई, गटारं, दिवाबत्ती, आग विझवणं ही पहिल्या गटातली. बागबगीचे, वाचनालयं दुसऱ्यात. याशिवाय काही खर्च बाजूला काढूनच ठेवायचे असतात: दिव्यांगांसाठी पाच टक्के, महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के, दुर्बल घटकांसाठी पाच टक्के. पण बंधनकारक कामांच्या आत आधी कोणतं, हे कायदा सांगत नाही. तिथे माणसाला ठरवावं लागतं.

मी जो क्रम लावायचो तो सांगतो. हा माझा आहे, शासनाचा नाही.

सर्वांत आधी पाणी उपसणाऱ्या पंपांचं वीजबिल, आणि त्याच्याबरोबर तुरटी व टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर). रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल मी यापासून वेगळं धरायचो, कारण अंधारात गाव चार दिवस काढतं, पाण्याविना काढत नाही. वीज तुटली की पाणी थांबतं, टँकर लावावे लागतात, आणि टँकरचा खर्च थकलेल्या बिलापेक्षा बघता बघता वर जातो. टीसीएल तर इतकी स्वस्त आहे की ती संपली हे कारण कोणत्याही नगरपरिषदेने सांगू नये.

दुसरे, कंत्राटी सफाई कामगार आणि घंटागाड्यांवरची माणसं. यावर माझे कायम कर्मचारी मित्र माझ्यावर रागावले आहेत. पण हिशेब असा. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली, त्या बदल्यात राज्याकडून सहायक अनुदान येतं. कायम कर्मचाऱ्यांच्या पगाराचा मोठा भाग त्यातून भागतो. अनुदान उशिरा आलं तर पगार उशिरा होतो, पण होतो. कंत्राटी माणसाच्या मागे असं काहीच नाही. त्याचा पगार आपल्या मोकळ्या पैशावर आणि ठेकेदाराच्या दानतीवर. महिना चुकला की त्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत. आणि त्याने काम थांबवलं की पावसाळ्यात गावात रोगराई पसरायला वेळ लागत नाही. म्हणून ठेकेदाराचं बिल काढताना मजुरांच्या खात्यावर मागच्या महिन्याचे पैसे जमा झाल्याचा बँकेचा कागद आणि भविष्य निर्वाह निधीचं चलन पाहिल्याशिवाय मी सही केली नाही. तुम्हीही तो कागद मागा.

तिसरे कायम कर्मचारी आणि निवृत्तांचं वेतन. चौथी दुरुस्ती. आणि दुरुस्तीपाशी मी थोडा थांबणार आहे, कारण तंगीत सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

पैसे कमी पडले की मुख्याधिकारी म्हणतात, सगळ्या शीर्षांना सरसकट दहा टक्के कात्री लावा. ऐकायला न्यायाचं वाटतं. पण पगाराला कात्री लागत नाही, वीजबिलाला लागत नाही, योजनेच्या पैशाला लागत नाही. मग ती सगळी कात्री जिथे कोणी ओरडणारं नाही तिथे लागते. म्हणजे पंपांची देखभाल, व्हॉल्व्ह बदलणं, नालेसफाई, घंटागाड्यांचे टायर, फवारणी यंत्र. नव्या रस्त्याचं उद्घाटन होतं. बदललेल्या बेअरिंगचं कोणी नारळ फोडून उद्घाटन करत नाही.

एका गावात जॅकवेलवरचा (गावासाठी पाणी उपसायच्या विहिरीवरचा) एक पंप कुरकुरत होता. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याने दुरुस्तीचा प्रस्ताव टाकला, रक्कम पन्नास हजारांच्या आतली. मी ती पुढच्या महिन्यावर ढकलली, मग त्याच्या पुढच्या. एप्रिलच्या शेवटी मोटारीचं वाइंडिंग जळलं. राखीव पंप दोन वर्षांपूर्वीच खराब होऊन पडलेला, त्याचीही दुरुस्ती अशीच ढकललेली. अकरा दिवस गावाला पाणी नव्हतं. लोक हंडे घेऊन कार्यालयात आले, त्यात बाळंतीण लेकीची आई होती. ती ओरडली नाही, नुसती पायरीवर बसून राहिली. ती ढकललेली सही माझी होती. त्यानंतर प्रत्येक अंदाजपत्रकात पाणी आणि नालेसफाईच्या दुरुस्तीची रक्कम मी वेगळ्या बँक खात्यात ठेवायला लावली, आणि तिला वर्षभर कोणालाही हात लावू दिला नाही.

दुरुस्तीनंतर पाचवा क्रम चालू योजनांच्या आपल्या हिश्शाचा. यावर प्रामाणिक मतभेद आहेत. माझ्यापेक्षा हुशार काही मुख्याधिकारी हिस्सा दुरुस्तीच्या आधी ठेवतात. त्यांचं म्हणणं, आपला एक रुपया बाहेरचे कितीतरी रुपये ओढून आणतो, तो अडवणं म्हणजे लक्ष्मीला दारातून परत पाठवणं. मुद्दा खोटा नाही. योजना पाण्याची, मलनिस्सारणाची असेल आणि अर्ध्यावर असेल तर मीही तिला वर उचलायचो. पण शोभेच्या कामाचा हिस्सा भरण्यासाठी पंपाचं बेअरिंग थांबवायचं नाही, एवढं मी पक्कं केलं होतं.

सहावी जुनी बिलं, तारखेच्या क्रमाने. ज्याचं बिल आधी आलं त्याला आधी. हे लिहायला सोपं, पाळायला महाकठीण, कारण दबाव येतो तो इथेच. त्यावर एक उपाय मी यशस्वी होताना पाहिलाय: प्रलंबित देयकांची तारीखवार यादी दर महिन्याला सूचना फलकावर लावायची. यादी भिंतीवर लागली की मधलं बिल उचलून आधी काढणाऱ्याला चार लोकांत उत्तर द्यावं लागतं. तुम्ही सभागृहात फक्त एवढा ठराव करून घेतलात तरी मोठं काम होईल.

नवी कामं सर्वांत शेवटी. आणि स्वतःच्या निधीतून नवी कामं, देणी एका मर्यादेखाली येईपर्यंत, अजिबात नाहीत.

इथे एक कबुली देतो. दिवाळी आली होती, पगार थकलेला, आणि एका पाणी योजनेचा हप्ता खात्यात पडून होता. ‘महिन्याभराने मार्गी लावू’ म्हणून त्यातून पगार आणि सानुग्रह अनुदान (दिवाळीचा बोनस) काढलं. टिपणी मी लिहिली होती. महिन्याचे सात महिने झाले. योजनेचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे त्याच कामावर खर्च झाल्याचा दाखला) देता आलं नाही, म्हणून पुढचा हप्ता अडला. ठेकेदाराने काम सोडलं, आणि खोदलेल्या चराने अख्खा पावसाळा एका वस्तीचा रस्ता बंद ठेवला. लेखापरीक्षणात आक्षेप लागला तो लागलाच, पण माझ्या मनात राहिला तो चर. तेव्हा कोणी तुम्हाला सांगितलं की ‘योजनेचे पैसे तात्पुरते फिरवू’, तर परत कधी आणि कोणत्या जमेतून भरणार हे लिहून मागा. लिहून मिळालं नाही तर विरोध नोंदवा.

हा क्रम सगळीकडे जसाच्या तसा चालेल असं नाही. आळंदी-पंढरपूरसारख्या ठिकाणी वारीच्या दिवसांत गावाची लोकसंख्या कित्येक पटीने वाढते. तिथे शौचालयं आणि सफाई वीजबिलाच्या बरोबरीला येतात. माथेरान, महाबळेश्वरसारखी गावं येणाऱ्या पर्यटकांकडून मिळणाऱ्या करावर उभी आहेत. २०२० च्या टाळेबंदीत तो ओघच आटला, अशा गावाने चांगल्या वर्षात राखीव रक्कम बाजूला ठेवणं हा पहिला क्रम. दुष्काळी भागातलं गाव असेल तर उन्हाळ्याच्या तोंडावर इतर सगळं सोडून पाण्याचा उद्भव (स्रोत) पाहावा लागतो. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते आठवत असेलच. आणि हद्दवाढ झालेल्या गावात नव्याने आलेल्या वस्त्यांना निदान पाणी आणि दिवे दिल्याशिवाय त्यांच्याकडून कर मागायला तोंड राहत नाही.

आता जमेकडे येतो, कारण तंगीच्या वर्षात सदस्य खर्चाच्या बाजूवर भांडत बसतात आणि जमेची बाजू कोणी उघडत नाही. आपल्याकडे बरीचशी तंगी वेळेची असते. बहुतेक गावांत कराची बिलं वाटली जातात डिसेंबरच्या सुमाराला, वसुलीची धावपळ जानेवारी ते मार्च. म्हणजे एप्रिल ते नोव्हेंबर खर्च दरमहा, जमा जवळजवळ नाही. याच काळात दुसऱ्यांच्या पैशांना हात लागतो. बिलं मे महिन्यात घरोघरी पोचली आणि लवकर भरणाऱ्याला थोडी सूट दिली, तर एक पैसा कर न वाढवता अर्धा ताण उतरतो. एका गावात आम्ही हे केलं तेव्हा पहिल्या वर्षी छपाईच वेळेत झाली नाही. दुसऱ्या वर्षी जमलं, आणि सप्टेंबरचा पगार पहिल्यांदाच तारखेला झाला.

पुढे, दर चार वर्षांनी कर आकारणीची फेरतपासणी व्हायची असते. तुमच्याकडे शेवटची कधी झाली? मधली काही वर्षं प्रशासकांची गेली, तेव्हा बऱ्याच ठिकाणी ती रखडली. नव्या मजल्यांची, वाढीव खोल्यांची, घराचं दुकान झाल्याची नोंद नसेल तर गरीब वस्तीतला माणूस पूर्ण कर भरतो आणि बाजारपेठेतला तिमजली दुकानदार वीस वर्षांपूर्वीच्या पत्र्याच्या शेडचा. मोबाइल टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केलं. तुमच्या हद्दीतले टॉवर मोजा आणि आकारणी नोंदवहीत किती आहेत ते पाहा. नगरपरिषदेच्या गाळ्यांचं भाडं शेवटचं कधी वाढलं आणि मूळ भाडेकरूच तिथे बसतोय की त्याने परस्पर दुसऱ्याला दिलाय, तेही बघा. हा विषय काढला की तुम्हाला फोन येतील. येऊ द्या.

पाणीपट्टीबद्दल बोलायला सगळेच घाबरतात. पण कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी दिलं ते मीटर बसवून आणि वापर वाढेल तसा चढा दर लावून. थोडकं पाणी वापरणाऱ्या घराला कमी दर, बागेला आणि गाड्या धुवायला वापरणाऱ्याला जास्त. चार दिवसांआड पाणी देणाऱ्या गावाने दर वाढवले तर लोक चिडतील, आणि त्यांचं बरोबर आहे. म्हणून आधी एका भागात पाणी सुधारून दाखवायचं, मग तिथे दर बदलायचा. अनधिकृत नळजोडण्या नियमित करण्याची मोहीम त्याच्याही आधी.

खर्चाच्या बाजूचं आणखी एक दुखणं म्हणजे ‘प्रत्येक प्रभागाला सारखं’. पंचवीस सदस्य असले की मोकळा पैसा पंचवीस तुकड्यांत वाटला जातो, आणि गल्लोगल्ली चार मीटर पेव्हिंग ब्लॉक बसतात. मुख्य जलवाहिनी, जलशुद्धीकरण केंद्र, कचरा डेपो हे कोणाच्याच प्रभागात नसतं, म्हणून त्यांच्यासाठी कोणीच भांडत नाही. ताई, तुम्हीही या वाटणीत सामील व्हाल, कारण तुम्हाला निवडून दिलेल्या लोकांना काहीतरी दाखवायचं आहे, आणि ते मी समजू शकतो. पण तंगीच्या वर्षात निदान दोन वर्षांसाठी ही वाटणी थांबवण्याची बाजू घ्या.

आता तुमचं गटार. ‘गटार मंजूर करा’ असं म्हणालात तर ते नवं काम ठरतं आणि यादीच्या तळाशी जातं. त्याऐवजी पाणीपुरवठ्याच्या माणसाला घेऊन त्या गल्लीतून चाला आणि मोजा: खचलेल्या भागात किती घरांच्या नळजोडण्या गटारातून किंवा गटाराखालून गेल्या आहेत. तुमच्याकडे पाणी चार दिवसांआड येतं. मधले दिवस नळी रिकामी असते, आणि रिकामी नळी चिरेतून बाहेरचं पाणी आत ओढते. पाणी सुटल्यावर पहिल्या दहा मिनिटांचा नमुना घेऊन ओटी टेस्ट (पाण्यातल्या क्लोरीनची चाचणी) करायला लावा, शेवटच्या घरी क्लोरीन पोचतं का ते कळेल. आरोग्य केंद्रातून त्या गल्लीतले जुलाब-काविळीचे रुग्ण किती ते विचारा. हे हातात आलं की तुमचं काम पाण्याच्या दुरुस्तीचं होतं, आणि माझ्या क्रमात ते थेट चौथ्या जागी येतं.

मग काम दोन भागांत तोडा. खचलेला तुकडा आणि त्यातून गेलेल्या नळ्या वर उचलणं हे दुरुस्तीच्या शीर्षातून, पावसाळ्याच्या आधी. त्याच्या खर्चाचा अंदाज अभियंत्याकडून वेगळा करून घ्या. तो संपूर्ण गटाराच्या मानाने फार लहान निघेल. आणि अख्ख्या गटाराचा प्रस्ताव, वस्ती निकषात बसत असेल तर दलित वस्ती सुधारणेतून, नाहीतर नगरोत्थानमधून, तांत्रिक मंजुरीसह तयार ठेवा. निधी आला की तयार प्रस्ताव उचलला जातो, आणि बहुतेक गावांकडे त्या क्षणी चौकाचाच प्रस्ताव तयार असतो.

येत्या सभेत तीन कागद लेखी मागा: तीन वर्षांची प्रत्यक्ष वसुली, आजच्या तारखेची सगळी देणी, आणि कोणत्या बँक खात्यात कोणत्या योजनेचे किती पैसे आहेत. लेखापालाला हे द्यायला दोन दिवस लागतात, त्याहून जास्त नाही. सुधारित अंदाजपत्रक येईल तेव्हा, ते साधारण दिवाळीच्या पुढेमागे सुरू होतं, या तीन कागदांवर बोट ठेवून जमेचे आकडे खाली आणायला सांगा. आकडे खाली आले की काही कामं गळतील, त्यात तुमच्या प्रभागातलीही एखादी असेल. त्या दिवशी दुरुस्तीचं शीर्ष गळू देऊ नका. आणि त्या कागदांतलं काही समजलं नाही तर ओळीच्या ओळी इथे लिहा, मी बसून वाचून देतो.